टेबल फॅनचा बुश बदलायचाय? हत्यारं घेण्याआधी थोडं थांबा

चालू केला की फॅन नुसता गुणगुणतो. पातं बोटाने ढकललं की कसाबसा फिरायला लागतो आणि मग मागून घर्र घर्र ऐकू येत राहतं. बंद करून पात्याचा मधला भाग धरून वर-खाली हलवला तर हाताला टक् टक् लागतं. हे दिसलं की बहुतेक वेळा बुश, म्हणजे मोटारचा दांडा (शाफ्ट) ज्याच्या भोकात फिरतो तो धातूचा छोटा तुकडा, झिजलेला असतो. दुकानात नेला तर 'मोटारच बदला' असं ऐकायला मिळतं, कारण त्यांना त्यात वेळ घालवायचा नसतो. त्यांचंही बरोबरच आहे. पण घरी करायचं म्हटलं तर काम दोन तासांचं, आणि हत्यारं नीट निवडली तर अवघडही नाही.

हत्यारं निवडणं हाच या लेखाचा विषय. मी पहिला बुश बदलला तेव्हा माझ्याकडे एक डिसमिस, एक पक्कड आणि लाकूडकामाची हातोडी होती. जुना बुश काढायला चार इंची खिळा उलटा धरून ठोकला. बुश तसूभरही हलला नाही, ॲल्युमिनियमच्या कव्हरला मात्र बुशाच्या घरापासून काठापर्यंत चीर गेली. त्या कव्हरचं सुटं स्पेअर कुठेच मिळेना, शेवटी अख्खी मोटार घ्यावी लागली. एक स्टेप पंच (पुढे बारीक, मागे जाड असा ठोकायचा दांडा) लेथवर करून घेतला असता तर हे सगळं टळलं असतं. त्यामुळे पुढे सांगतोय ते काहीसं स्वतःचे हात पोळल्यामुळे आहे.

खाली मी १६ इंची टेबल किंवा पेडेस्टल फॅन धरून चाललोय. एक्झॉस्ट फॅन, कूलरचा छोटा पंप, जुनी शिलाई मशीनची मोटार यांनाही यातलं बरंच लागू पडेल. सीलिंग फॅनमध्ये मात्र बुश शोधू नका, त्यात बॉल बेअरिंग असतात, बहुतेक ६२०१ आणि ६२०२ नंबरची. ते काम वेगळं, हत्यारंही वेगळी.

आणखी एक गोंधळ आधीच निस्तरून टाकतो. दुकानात 'बुश' मागितला की हातात कार्बन 'ब्रश' पडतो, हे माझ्याबाबतीत तीनदा झालंय. मिक्सरच्या बाबतीत तर तिसरीच गंमत आहे. 'मिक्सरचा बुश' म्हणजे पुष्कळांना भांड्याच्या बुडातला, पात्याच्या दांडीचा बुश वाटतो. म्हणून जुना तुकडा खिशात घालूनच दुकानात जायचं.

आधी खात्री करा की बुशच गेलाय

हत्यारांची यादी करायच्या आधी हे करा. प्लग काढा. शाफ्ट धरून दोन प्रकारे हलवा. आत-बाहेर, म्हणजे शाफ्टच्या दिशेने, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत सरकला तर काही बिघडलेलं नाही, तेवढा खेळ मुद्दाम ठेवलेला असतो. वर-खाली किंवा डावीकडे-उजवीकडे हलला तर मात्र बुश झिजलाय. आणि अजिबात हलत नाही पण फिरवताना जड लागतो, तर बुश कोरडा पडलाय किंवा जुनं तेल चिकट होऊन बसलंय. मग नुसतं साफ करून तेल दिलं की काम होतं. खेळही नाही, फिरतोही हलका, पण चालू केल्यावर नुसता गुणगुणतो? मग कपॅसिटर तपासा. टेबल फॅनला साधारण २ ते ३ मायक्रोफॅरडचा असतो, तो बदलणं दहा मिनिटांचं काम.

झिजलेल्या बुशाने आवाज का येतो, तेही सांगतो, म्हणजे पुढच्या मापांचं महत्त्व पटेल. रोटर (मोटारचा आतला फिरणारा भाग) आणि स्टेटर (भोवतालचा स्थिर भाग) यांच्यात फट असते ती पाव ते अर्धा मिलिमीटर. झेरॉक्सचे तीन-चार कागद एकावर एक ठेवले की होते तेवढी. बुश ०.१ मिमी झिजला की रोटर मधोमध राहत नाही. ज्या बाजूला फट कमी, त्या बाजूचं चुंबक त्याला आणखी ओढतं. मग रोटर स्टेटरला घासायला लागतो, मोटार तापते, आणि एक दिवस वाइंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेची गुंडाळी, जळतं. म्हणून घरघर सुरू झाल्यावर 'चालतोय तोवर चालवू' असं करू नये.

उघडायला काय लागतं

हा भाग सोपा आहे, पटकन उरकतो. एक दोन नंबरचा फिलिप्स डिसमिस, लांब दांडीचा. एक चपटा डिसमिस. ८ आणि १० मिमीचा बॉक्स पाना. एक ॲलन की सेट, कारण काही फॅनमध्ये पातं शाफ्टला छोट्या, बिनडोक्याच्या ग्रब स्क्रूने धरलेलं असतं. सर्कलिप (खाचेत बसणारी, एका बाजूला उघडी स्प्रिंगची कडी) असेल तर सर्कलिपची पक्कड, पण ती आधी घेऊन ठेवू नका. उघडल्यावर सर्कलिप दिसली तरच घ्या, आणि तेव्हाही ती शाफ्टवर बसलेली आहे की भोकाच्या आत, हे बघून. दोन्हींच्या पकडी वेगळ्या असतात, एकीची चोच दाबल्यावर उघडते, दुसरीची मिटते.

डिसमिस मात्र चांगला घ्या. नाशिकला कारखाना असलेली टपारिया किंवा तशाच तोडीची कुठलीही कंपनी चालेल. फुटपाथवरच्या दहा डिसमिसांच्या पाकिटातला घेऊ नका. मोटारचे लांब बोल्ट वर्षानुवर्षं गंजलेले असतात, हलक्या डिसमिसचं टोक त्यात फिरतं आणि बोल्टचं डोकं गुळगुळीत होऊन जातं. मग तुम्ही बुशाऐवजी बोल्ट काढायलाच बसता.

प्लास्टिकच्या पात्यासमोरची गोल नॉब बहुतेक फॅनमध्ये उलट्या आट्यांची असते, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवली की सुटते. मिक्सरच्या कपलरचंही बहुधा तसंच. हे माहीत नसताना जोर लावून कपलर फोडलेले लोक मी पाहिलेत, एक तर घरातलाच आहे.

विजेबद्दल थोडंसं. कपॅसिटर मोटारच्या वाइंडिंगला जोडलेला असतो, त्यामुळे प्लग काढल्यावर तो वाइंडिंगमधूनच रिकामा होतो. पण वाइंडिंग कुठे तुटलेलं असेल तर होत नाही, आणि तुटलंय की नाही हे तुम्हाला बाहेरून दिसत नाही. म्हणून १० किलो-ओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टन्स त्याच्या दोन टोकांना क्षणभर लावायचा. डिसमिसने ठिणगी पाडून रिकामा करण्याची सवय लावून घेऊ नका.

मागची जाळी, मागचं झाकण, मान हलवणारी गिअरपेटी असं करत करत मोटारपर्यंत पोचलात की बोल्ट सोडण्याआधी दोन्ही कव्हरं आणि स्टेटर यांच्यावरून मार्करने एक सरळ रेघ मारून घ्या. जोडताना ती रेघ जुळली पाहिजे. आणि रोटर बाहेर ओढताना शाफ्टवरच्या फायबरच्या चकत्या कोणत्या बाजूला किती होत्या, त्याचा मोबाइलवर फोटो. या चकत्या दिसायला फालतू असतात, पण त्यांची संख्या चुकली की जोडलेली मोटार एक तर जाम होते, नाहीतर खटखट करते.

आता बघा, बुश कोणत्या जातीचा आहे

इथे थांबायचं, आणि बाकीची हत्यारं इथपर्यंत विकत घ्यायची नाहीत. कारण पुढे काय लागणार हे बुशाच्या आकारावर ठरतं.

कव्हर हातात घेऊन आतल्या बाजूने बघा. बुश बाहेरून गोटीसारखा गोल दिसतोय, आणि त्याच्यावर पाकळ्यांची एक पातळ पत्र्याची चकती दाबून बसवलेली आहे? हा स्वतःच सरळ होणारा गोल बुश. टेबल फॅनमध्ये बहुतेक हाच. त्याच्याभोवती तेलात भिजवलेला फेल्ट (नमद्याचा तुकडा) असतो. याला ठोकायचं काहीच नसतं. पाकळ्यांची चकती काढली की बुश हातात येतो. लागतो तो फक्त एक बारीक चपटा डिसमिस, टोकदार नाकाची पक्कड, आणि थोडा धीर. चकती पन्हाळीत अडकवलेली असेल तर पाकळ्या एकेक करून उचकटता येतात. रिव्हेट मारलेली असेल तर ३ मिमी ड्रिलने रिव्हेटची डोकी उडवायची आणि बसवताना त्या जागी छोटे स्क्रू-नट लावायचे. काही कंपन्या कव्हरचं धातूच बुशावर वळवून दाबतात. तिथे घरी हात घालू नका, बुशासकट कव्हर मिळतंय का ते बघा.

दुसरी जात म्हणजे सरळ नळकांडं, कव्हरच्या भोकात घट्ट दाबून बसवलेलं. जुन्या फॅनमध्ये, काही एक्झॉस्टमध्ये आणि छोट्या पंपांत हे सापडतं. याला काढायला आणि बसवायला खरी हत्यारं लागतात. पुढचं बरंचसं याच्यासाठी आहे.

माप: इथे पैसे खर्च करा

मला विचाराल तर पूर्ण कामात एकाच वस्तूवर हात सैल सोडावा, ती म्हणजे मापाचं हत्यार. बुशाच्या दुनियेत ०.०२ मिमी म्हणजे पुष्कळ. शाफ्ट आणि बुश यांच्यातली मोकळीक साधारण शाफ्टच्या व्यासाच्या हजारावा भाग ते त्याच्या अडीच-तीन पट असते. शाफ्ट ८ मिमीचा धरला तर ०.०१ ते ०.०३ मिमी. डोळ्याने यातलं काहीच कळत नाही.

व्हर्निअर कॅलिपर सगळीकडे मिळतो, साधा ०.०२ चा. डिजिटलवर ०.०१ दिसतं, पण त्याची अचूकता तेवढी नसते, पडद्यावरच्या शेवटच्या आकड्यावर भाळू नका. बाहेरचं माप घ्यायला आणि जुना बुश ओळखायला तो पुरे. पण भोकाच्या आतलं माप घ्यायला गेलात की फसवतो. त्याच्या आतल्या जबड्यांना चपटी कड असते, ती छोट्या गोल भोकात टेकते तेव्हा माप खऱ्यापेक्षा कमी दाखवते. ८ मिमीच्या भोकात हा फरक जाणवण्याइतका असतो.

शाफ्टसाठी ०-२५ मिमीचा मायक्रोमीटर घ्या. नवीन घ्यायचा नसेल तर ओळखीच्या टर्नरकडून तासभर मागून आणा, कोणी नाही म्हणत नाही. शाफ्टची दोन मापं घ्यायची. एक, जिथे बुश चालतो तिथे. दुसरं, रोटरच्या जवळ, जिथे बुश कधी लागत नाही तिथे. दोन्हींत ०.०३ पेक्षा जास्त फरक निघाला तर नुसता बुश बदलून उपयोग नाही. नखाने शाफ्टवर ओढून बघा, नख खाचेत अडकत असेल तर मायक्रोमीटरचीही गरज नाही. असा शाफ्ट नव्या बुशाला एका उन्हाळ्यात खाऊन टाकतो.

आतलं माप कसं घ्यायचं? स्वस्तातला आणि मला सगळ्यात आवडणारा उपाय म्हणजे डॉवेल पिन. ग्राइंड केलेली कडक पोलादी पिन, ८ मिमी व्यासाची, एम ६ टॉलरन्सची (म्हणजे मापात किती फरक चालतो त्याची ठरलेली मर्यादा; पुढे येणाऱ्या एम ६ च्या आट्यांशी याचा संबंध नाही). ती खऱ्या ८ पेक्षा ०.००६ ते ०.०१५ मिमीने जाड असते. म्हणजे पिन बुशात हाताने हलकी गेली तर भोक ८.०१ च्या आसपास आहे. वीस-पंचवीस रुपयांची पिन गेजही होते, आणि बुश बसवताना तीच मँड्रेल, म्हणजे भोकात धरायचा आधाराचा दांडा, म्हणूनही चालते. कसं, ते पुढे येतं. ड्रिलच्या दांड्याने मात्र हे करू नका. ८ च्या ड्रिलचा दांडा ८ पेक्षा थोडा बारीक असतो.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला असल्या पिना, पंच, रीमर (भोक खरवडून नेमक्या मापाचं करणारं हत्यार) सगळं एका गल्लीत मिळतं. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मोटारचे स्पेअर बघा, हत्यारं मात्र हार्डवेअरवाल्याकडे. जुन्या बाजारात मायक्रोमीटर दिसला तर घेण्याआधी मिटवून शून्य येतोय का बघा, आणि रॅचेट फिरतोय का. मी एकदा चकाचक डबीतला घेतला, घरी आल्यावर कळलं की त्याच्या टोकांना खड्डे पडलेत.

काढण्याची हत्यारं

नळकांडी बुशासाठी स्टेप पंच करून घ्या. लेथवाल्याला माइल्ड स्टीलचा १६ मिमीचा तुकडा द्या आणि सांगा: पुढचं टोक ७.९ मिमी, १५ मिमी लांब. मागचा भाग बुशाच्या बाहेरच्या व्यासापेक्षा ०.२ मिमी कमी. पुढचं टोक बुशाच्या भोकात जातं आणि पंच सरळ ठेवतं, मागचा खांदा बुशाच्या कडेला सगळीकडून सारखा दाबतो. बुशाचा बाहेरचा व्यास १४ असेल तर खांदा १३.८. त्याला सांगायला विसरू नका की खांद्याचा कोपरा धारदार हवा, गोल नको. पंचाच्या मागच्या बाजूला थोडा चांफर मारायला, म्हणजे कड तिरकी कापायला सांगा, म्हणजे हातोडीने ते टोक छत्रीसारखं पसरणार नाही.

पंच असला तरी ठोकणं हा दुसरा पर्याय. पहिला पर्याय ओढून काढण्याचा. एम ६ चा आट्यांचा रॉड, दोन नट, जाड चकत्या, आणि बुशापेक्षा थोड्या मोठ्या आतल्या व्यासाच्या पाइपाचा तुकडा. रॉड बुशातून घालायचा. एका बाजूला बुशापेक्षा किंचित लहान चकती आणि नट, दुसऱ्या बाजूला पाइप कव्हरवर टेकवून त्याच्यावर चकती आणि नट. पान्याने नट फिरवत गेलं की बुश पाइपात सरकत येतो. आवाज नाही, धक्का नाही, कव्हरला चीर जायचं भय नाही. पुलर विकत घ्यायला निघाला असाल तर आधी हे करून बघा. बाजारातले तीन पायांचे पुलर बहुतेक बेअरिंगसाठी असतात, ८ मिमीच्या बुशाला त्यांचे पाय पकडतच नाहीत.

भोक एका बाजूने बंद असेल तर रॉड पलीकडे जात नाही. तेव्हा बुशात एम १० चा टॅप (आतून आटे पाडायचं हत्यार) मारायचा, आधी भोक ८.५ चं करून. कांस्य मऊ असतं, टॅप लोण्यासारखा जातो. मग एम १० चा बोल्ट आत फिरवायचा, तो तळाला टेकला की बुश वर चढायला लागतो. बुश वाया जातोच, पण तो तसाही जाणारच होता. कव्हरचा तळ पातळ पत्र्याचा असेल तर हा प्रकार करू नका, बोल्ट तळच बाहेर काढेल.

कव्हर ॲल्युमिनियमचं असेल तर उष्णतेची मदत घ्या. हॉट एअर गनने शंभर अंशांपर्यंत तापवलं की १४ मिमीचं भोक जवळपास ०.०२५ मिमीने मोठं होतं. बुश पण तापतो, पण कांस्य थोडं कमी फुगतं. खोलीच्या तापमानाला हट्टाने बसलेला बुश असा थोड्या दाबावर निघतो. गॅसच्या ज्योतीवर मात्र कव्हर धरू नका, एक बाजू तापते, दुसरी नाही, आणि मग कव्हर वाकडं होतं. आत फेल्ट असेल तर तो आधी काढून ठेवा.

हातोडी लागलीच तर नायलॉनच्या डोक्याची. शाफ्टच्या टोकावर लोखंडी हातोडी मारली की टोक फुलतं आणि मग तो शाफ्ट नव्या बुशात जाणारच नाही. चुकून फुलला तर बारीक कानसीने कड काढा, पण कानस शाफ्टच्या चालणाऱ्या भागाला लागता कामा नये. तिथे फक्त १००० नंबरचा पॉलिश पेपर, तेल लावून, गोल फिरवत.

नवीन बुश: विकतचा की लेथवरचा

विकत मिळतो तो बहुधा सिंटर्ड बुश. पितळी दिसतो, पण तो कांस्याच्या पावडरीला दाबून, भाजून केलेला असतो. साधारण ९० टक्के तांबं, १० टक्के कथील. त्याच्या अंगात सूक्ष्म छिद्रं असतात, एकूण आकारमानाच्या जवळपास पाचव्या भागाइतकी, आणि त्यांत तेल मुरलेलं असतं. मोटार चालून गरम झाली की तेल पृष्ठभागावर येतं, थंड झाली की परत आत ओढलं जातं.

हे कळलं नाही म्हणून माझी दुसरी चूक झाली. नवा बुश धुळीने माखलेला होता, म्हणून रॉकेलच्या डब्यात रात्रभर टाकला. स्वच्छ झाला, बसवला, फॅन सुरेख चालला. पंधरा दिवसांत जाम. रॉकेलने आतलं तेल धुऊन नेलं होतं. सिंटर्ड बुश फक्त कोरड्या चिंधीने पुसायचा. आणि दुकानात कधीपासून पडून असेल तर ६०-७० अंशांच्या तेलात तासभर बुडवून थंड होऊ द्यायचा.

दुसरं म्हणजे सिंटर्ड बुशावर रीमर चालवायचा नाही. रीमर धातू खरवडताना छिद्रांवर पसरवतो आणि ती बुजतात. म्हणजे नवशिक्याच्या यादीत रीमर जवळजवळ नकोच. बुश लेथवर गनमेटलचा (भरीव कांस्याचा) करून घेतला तर मात्र रीमर लागतो, पण तो लेथवाल्याकडे असतो. गनमेटलचा बुश सिंटर्डसारखं तेल धरत नाही, त्यामुळे त्याला तेलाचं भोक आणि आतून एक खाच हवीच. जुना बुश बाजारात मिळत नसेल तरच मी हा रस्ता धरतो.

बसवणं

इथे बहुतेक नवीन लोकांचं गणित चुकतं. नळकांडी बुश घट्ट भोकात दाबला की बाहेरून दबतो, आणि तेवढाच आतून आवळतो. बाहेर पकड ०.०३ ची असेल तर आतलं भोक जवळपास तेवढंच लहान होतं. मोकळीकच ०.०१ ते ०.०३ ची होती, ती गेली की शाफ्ट जातच नाही. मग माणूस पॉलिश पेपर गुंडाळून आतून घासायला लागतो आणि भोक वाकडं करतो.

उपाय तीच डॉवेल पिन. बुश पिनेवर चढवा, पिनेचं पुढचं टोक कव्हरच्या भोकातून पुढे जाऊ द्या, आणि बुशाच्या मागे योग्य मापाचा सॉकेट किंवा पाइपाचा तुकडा ठेवून दाबा. बुश आवळताना पिनेवर आवळतो, त्यापेक्षा लहान होऊ शकत नाही. पूर्ण बसल्यावर पिन फिरवत फिरवत बाहेर ओढा. आता तुमचा शाफ्ट ७.९८ किंवा ७.९९ चा असेल तर मोकळीक आपोआप बरोबर येते. शाफ्ट ८ चा नसेल तर त्याच्या मापाची पिन घ्या.

दाबायला व्हाइस, म्हणजे शिकंजा. चार इंची, जबड्यांना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावलेला. व्हाइस बुशाला सरळ रेषेत सावकाश दाबतो, हातोडी कधीच तसं करत नाही. जबडे मिटवताना बुश सुरुवातीलाच तिरका जातोय असं दिसलं तर थांबा, परत काढा. 'पुढे गेल्यावर सरळ होईल' असं म्हणून दाबलेला बुश कधीच सरळ होत नाही. बुश तासभर फ्रीझरमध्ये ठेवला आणि कव्हर थोडं तापवलं तर काम आणखी हलकं होतं. फ्रीझरने १४ मिमीचा बुश जेमतेम ०.०१ आकसतो, पण कव्हर तापवल्याने मिळालेली जागा आणि ही मिळून फरक पडतो. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर आईस्क्रीमच्या डब्यात बुश सापडल्याचा वेगळा तंटा होतो.

गोल बुशाला हे काहीच करावं लागत नाही. नवा फेल्ट तेलात भिजवून बसवा, बुश त्याच्या खोबणीत ठेवा, पाकळ्यांची चकती दाबून बसवा. बुश बोटाने सगळीकडे हलका झुकला पाहिजे, पण स्वतःच्या वजनाने लोंबता कामा नये.

तेल

साधं एसएई ३० मिनरल ऑइल किंवा आयएसओ व्हीजी ६८ चं तेल. फेल्टला चार-पाच थेंब. शिवणयंत्राचं तेल चालतं, पण पातळ असल्याने लवकर उडून जातं आणि दोन महिन्यांनी परत घरघर. ग्रीस बुशात घालू नका, छिद्रं बुजतात. ग्रीस फक्त गिअरपेटीत. आणि खोबरेल तर अजिबात नको. २४ अंशांच्या खाली ते थिजायला लागतं, हिवाळ्यात फॅन गच्च बसतो, आणि काही महिन्यांनी त्याचा चिकट डिंक होतो. मी उघडलेल्या निम्म्या जाम फॅनांत वासावरूनच कळलं की आजीने मायेने केसांचं तेल घातलंय.

जोडताना

रेघ जुळवून कव्हरं बसवा, चकत्या फोटोप्रमाणे. चारही बोल्ट एकदम आवळायचे नाहीत, समोरासमोरचे थोडे थोडे. प्रत्येक वेळी शाफ्ट बोटांनी फिरवून बघा. मध्येच जड झाला तर बोल्ट सैल करू नका, आधी नायलॉनच्या हातोडीने कव्हरच्या कडेवर दोन-चार हलके ठोके मारा. गोल बुश त्या धक्क्याने आपल्या जागी सरळ होतात, आणि जाम वाटणारी मोटार एकदम पिसासारखी फिरायला लागते. माझ्या दृष्टीने या सगळ्या कामातला सगळ्यात सुखाचा क्षण हाच. ठोकूनही हलकी झाली नाही तर चकती जास्त झाली आहे, एक काढा.

पात्याशिवाय, जाळीशिवाय पहिली चाचणी सिरीज बोर्डवर घ्या. शंभर वॅटचा बल्ब मोटारच्या ओळीत जोडलेला. बल्ब पूर्ण उजेडाने पेटला तर आत कुठे तरी शॉर्ट आहे, बहुधा बोल्टखाली वायर चेपलीय. मंद पेटला, मोटार हळू का होईना फिरली, तर ठीक. त्यानंतर मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मिळाला तर वाइंडिंग आणि बॉडी यांच्यात ५०० व्होल्टवर बघा, एक मेगाओहमच्या खाली आलं तर वापरू नका.

मग पातं लावून अर्धा तास फुल स्पीडवर. नवे बुश पहिल्या अर्ध्या तासात जरा गरम होतात. कव्हरवर, बुशाच्या जागी, हात ठेवता येतोय तोवर काळजी नाही. हात ठेवता येत नसेल तर बंद करा, थंड होऊ द्या, आणि तेच दोन-चार ठोके पुन्हा मारून बघा.